पाव आट्याचा माणूस

गाड्यांच्या धंद्यात त्याला सगळे पावआटे म्हणत. नव्या गिऱ्हाइकांना ते आडनावच वाटे. एक सभ्य गृहस्थ तर कित्येक महिने त्याला ‘पावआटेसाहेब’ म्हणत राहिले आणि याने एकदाही त्यांना दुरुस्त केलं नाही, कारण नावात काही खोटं नव्हतं. तो स्क्रू एका वेळी पाव आटाच, म्हणजे पाव फेराच, फिरवायचा. समोरचा कितीही घाईत असो, कुणाचीही ओळख काढून आलेला असो, पाव आटा म्हणजे पाव आटा.

हा स्क्रू कसला ते आधी सांगायला हवं. टर्बो लावलेल्या गाडीत इंजिनातून बाहेर पडणारा धूर फुकट जाऊ देत नाहीत. तो एका चाकावर सोडतात, ते चाक गरगर फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जोर जास्त. किती दाबाने कोंबायचं ते गाडी बनवणारे ठरवून देतात, आणि ते बेतानेच देतात. पण एका बारीक नळीवर छोटा स्क्रू बसवला की तो दाब आपल्याला वाढवता येतो. एवढासा स्क्रू, पण तो पिळला की एरवी भाजी आणायला निघालेली गाडी पाठीत गुद्दा घालून पळायला लागते. माणसं त्या गुद्द्यासाठी वेडी होतात. त्यात डॉक्टर असतात, शिक्षक असतात, नातवंडं झालेली माणसं असतात.

दाब हद्दीबाहेर गेला की मात्र इंजिनातल्या कोपऱ्यातलं पेट्रोल ठिणगीने लावलेली आग आपल्यापर्यंत यायची वाट पाहत नाही. ते आपल्या मनाने भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यात हातोडा घालतं. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवावेत तसा त्याचा आवाज असतो, आणि चालत्या गाडीच्या गोंगाटात तो साध्या कानाला सहसा लागत नाही. तो ऐकूनही तुम्ही दाबत राहिलात, किंवा न ऐकता दाबत राहिलात, तर एके दिवशी पिस्टन तुटतो. इंजिनाला दोन्ही सारखंच.

पावआट्याचं सगळं नाव या एका आवाजावर उभं होतं. त्याच्याकडे तांब्याची एक नळी होती. तिचं एक टोक ठोकून चपटं केलेलं, ते इंजिनाच्या ठोकळ्याला बोल्टने आवळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, तो खिडकीतून आत घ्यायचा आणि रस्ता फोडणारे कामगार कानांवर चढवतात तसल्या जाड झाकणांत घुसवायचा. ती झाकणं डोक्यावर चढवली की पावआटे एखाद्या रुसलेल्या वैमानिकासारखा दिसे. मग सिमेंटच्या गोदामांमागच्या लांब चढावर गाडी घ्यायची, तिसऱ्या गिअरमध्ये पाय पार खाली दाबायचा आणि ऐकायचं. स्वच्छ असेल तर थांबून पाव आटा, इंजिन जरा निवलं की पुन्हा चढ. पहिला खडा वाजला रे वाजला की तिथून सरळ दोन पाव मागे, वर नट आवळायचा, नटावर लाल रंगाचा थेंब. झाली गाडी. त्या थेंबाला कुणी हात लावला तर पुन्हा दारात उभं करणार नाही, अशी तंबी तो प्रत्येकाला देई.

चढावर जाण्याआधीही त्याची सोंगं कमी नव्हती. इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय, पेट्रोलचा पंप बदलल्याशिवाय, प्लग काढून भिंगातून पाहिल्याशिवाय तो स्क्रूला शिवत नसे. काहींना त्याने तिथूनच परत धाडलं होतं: आधी इंजिन बांधून आण, मग जोराच्या गोष्टी कर. लोक चिडायचे, शिव्या द्यायचे आणि इंजिन बांधून परत यायचे. कारण एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पावआट्याच्या हातून गेलेलं इंजिन फुटत नाही. त्याच्याजवळ अभिमान धरावा असं हे एवढंच होतं, आणि तो अभिमान त्याने मनसोक्त धरला होता.

गॅरेजचा पुढचा अर्धा भाग त्याच्या बायकोचा. मधे काचेचं पार्टिशन. ती गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची आणि झकास शिवायची. तिच्या मशीनला मोटर होती, जाड रेक्झिनमधून सुई जाताना तिचा खडखडाट छतापर्यंत जायचा. लग्नापासूनची त्यांची भांडणं बहुतेक त्या मशीनवरूनच झाली होती. हा इंजिन चालू ठेवून कान लावून बसणार आणि पलीकडून खडखडाट सुरू होणार. मग हा काचेवर हाताने थापा मारणार, “बंद कर गं ते!” ती बंद करायची, तोंडातल्या तोंडात याच्या कानांचा उद्धार करायची, आणि जरा वेळाने पुन्हा सुरू करायची.

काही वर्षांपूर्वी काचेवरच्या थापा थांबल्या. बायकोला वाटलं, चला, वयाने का होईना, माणूस निवळला. तिला बरंच वाटलं. पुढे हे आठवून ती स्वतःला बोल लावायची, पण तेव्हा तिला खरंच बरं वाटलं होतं.

त्याच सुमाराला पावआट्याचं नाव एकदम वर गेलं. त्याच्या गाड्या पूर्वीही पळायच्या, पण आता त्या सुसाट सुटायला लागल्या. पूर्वी ज्या इंजिनाला तो चार-पाच पावांवर थांबवायचा, तेच इंजिन आता आणखी कितीतरी पाव घेऊनही चढावर स्वच्छ वाजायचं. त्याचं त्यालाच नवल वाटे. हल्लीचं पेट्रोल सुधारलंय, तो सांगायचा. प्लगही चांगले यायला लागलेत. आणि मनातून त्याला वाटायचं की इतकी वर्षं घासल्यावर आता कुठे आपल्या हाताला खरी चव आली. गिऱ्हाइकं दुरून यायला लागली. म्हातारा पूर्वी भित्रा होता, आता मोकळा झाला, असं लोक बोलत. त्याला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. आपली गाडी जेवढी शांत तेवढी ती सुरक्षित, हे त्याने आयुष्यभर मानलं होतं. सगळ्याच गाड्या एकाएकी शांत का झाल्या, हा प्रश्न त्याला पडला नाही. सुख अंगणात आलं की कोण त्याची उलटतपासणी घेतो?

त्या दिवसांत आलेल्या गिऱ्हाइकांत एक चष्मेवाला होता. मोठ्या रस्त्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान. मऊ बोलणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि गाडी पांढरी, दोन दारांची, लाडाने ठेवलेली. गाडीचा शौक त्याचा असला तरी वेगाचा शौक त्याच्या बायकोचा होता. सुट्टीच्या दिवशी दोघं घाटरस्त्याने लांबवर जायची आणि ती शेजारी बसून म्हणायची, “दाबा की जरा.” सीटच्या कव्हरांचं कापड निवडायला ती आली आणि पावआट्याच्या बायकोशी तिचं असं जमलं की कापड बाजूला राहिलं आणि दोघी संध्याकाळपर्यंत नवऱ्यांच्या खोड्या सांगत बसल्या. शेवटी गडद लाल कापड ठरलं. गाडीला पावआट्याने आपल्या मते अगदी ठेवणीतलं सेटिंग दिलं. आधी स्वतःच्या गाडीवर तेवढेच पाव घालून पाहिले, स्वच्छ वाजलं, मग पांढरीवर घातले.

पहिल्यांदा त्याला सावध केलं ते लॅपटॉपवाल्याने. हा पलीकडच्या रस्त्यावरचा तरुण गॅरेजवाला. त्याच्याकडे गाडी रोलरांवर उभी करून जागच्या जागी पळवायचं यंत्र होतं, इंजिनाला चिकटवायचे सेन्सर होते, पडद्यावर आलेख होते. पावआट्याने त्याला गावभर नावं ठेवली असली तरी पोरगा मनाने सरळ होता. तो स्वतः चालत आला, ‘काका’ म्हणून हाक मारली, आणि खाली मान घालून सांगितलं की तुमच्या दोन गाड्या माझ्याकडे तपासायला आल्या होत्या, दोन्ही नॉक करतायत, चांगल्या जोरात. कुणापुढे बोललो नाही, म्हटलं आधी तुमच्या कानावर घालावं.

पावआटे भडकला. त्याने पोराची हजेरीच घेतली. व्हॉल्व्हची टकटक आणि नॉकिंग यातला फरक ज्याच्या यंत्राला कळत नाही त्याने मला शिकवू नये, असं काहीबाही तो बोलला. यात एक गोची होती. असे सेन्सर खरोखरच कधीकधी व्हॉल्व्हच्या आवाजाला फसतात, आणि पावआट्याला ते पक्कं माहीत होतं. निव्वळ अडाणी माणूस असता तर कदाचित त्याने पोराचं ऐकलं असतं. पोरगा ऐकून घेऊन निघून गेला. बायकोने काचेआडून सगळं पाहिलं. तो गेल्यावर तिने विचारलं की तो म्हणतो ते एकदा बघायला काय हरकत आहे. यावर नवरा काहीच बोलला नाही. तिने पुन्हा विचारलं, तरी नाही. तो पाठमोरा होता. काचेवरच्या थापा का थांबल्या असाव्यात, ते तेव्हा पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं.

मग आणखी एका गिऱ्हाइकाचं, बेकरीवाल्याचं, इंजिन फुटलं. पावआट्याने ते स्वतः उघडलं. पिस्टनची कड उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली होती आणि पिस्टनभोवतीच्या वरच्या रिंगचा एक तुकडा तुटून खाली पडला होता. शिकाऊ माणसालाही हे काय ते कळलं असतं. पावआट्याने पिस्टन खाली ठेवला आणि तो बेकरीवाल्याला म्हणाला, पेट्रोल भेसळीचं होतं. बेकरीवाल्याने पंपवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पावआट्याच्या इंजिनाला दुसरं काय होणार?

बायको त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे, माझ्या कानात दुखतंय, सोबत चला, असं सांगून गेली आणि तिथे त्यालाच पुढे बसवलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून बारीक-मोठे सूर ऐकवले. जाड सूर त्याला येत होते. वरचे, बारीक, टोकदार सूर साफ गेले होते, आणि ते आजचे गेलेले नव्हते. आयुष्यभर मोठ्या आवाजात काम केलेल्यांचं असंच होतं, डॉक्टर म्हणाले. यंत्र लावा, बोलणं चांगलं कळेल, पण गेलेलं परत येत नाही. बारीक खड्यांसारखा आवाज येईल का, असं बायकोने मुद्दाम विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

घरी येईपर्यंत पावआट्याने उत्तर तयार केलं होतं. डॉक्टरांचे सूर हवेतून येतात, त्याचा आवाज तांब्यातून येतो. तो कानाने कुठे ऐकतो, हाडाने ऐकतो. आणि एवढ्या वर्षांचा अनुभव काय माती खायला गेला? बायकोने वाद घातला नाही. ती म्हणाली, मग मला दाखवा.

त्यालाही तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या गाडीला नळी आवळली, झाकणं बायकोच्या डोक्यावर चढवली आणि तिला शेजारी बसवलं. तिच्या अंबाड्यामुळे झाकणं नीट बसेनात, तेव्हा तिने अंबाडा सोडला. तो हसला. कित्येक दिवसांत दोघं अशी एकत्र कुठे निघाली नव्हती. त्याने तिला समजावलं: आता मी चढावर पाय दाबीन. आत्ता सगळं स्वच्छ आहे, तो आवाज डोक्यात पक्का ठेव. मग मी पाव-पाव वाढवीन. नवीन काही वाजलं की सांग. जिथे तू सांगशील तिथे झाकणं मी चढवीन आणि मीही तेच सांगीन, मग तरी तुझी खात्री पटेल.

गाडी चढ चढून गेली. त्याने पाव आटा वाढवला. पुन्हा चढ. नवीन काही नाही, ती म्हणाली. आणखी पाव. नवीन काही नाही. त्याचा चेहरा खुलायला लागला. आणखी एकदा वर गेल्यावर त्याने विचारलं, तेव्हा तिने झाकणं काढून मांडीवर घेतली.

“नवीन नाही हो काही,” ती म्हणाली. “तेच आहे. जास्त वाजतंय एवढंच.”

“तेच म्हणजे काय?”

“ते तडतड. डब्यात खडे टाकल्यासारखं. पहिल्यापासून आहे की. तुम्ही म्हणालात स्वच्छ आहे, मला वाटलं तेच स्वच्छ असेल.”

त्याने गाडी कडेला घेतली. मग खाली उतरून तो स्क्रू उलटा फिरवायला लागला. पाव मागे, चढ, आहे का? आहे. पाव मागे, चढ, आहे का? आहे. आता त्याने स्वतःचं मत सांगणं सोडून दिलं होतं. तो फक्त तिच्या तोंडाकडे पाहत होता. गाडी मवाळ होत गेली, पाठीतला गुद्दा गेला, आणि मागे मागे येत जिथे पूर्वीच्या काळी तो स्वतः थांबायचा त्याच्याही खाली गेल्यावर ती म्हणाली, आता नाही. गाडी बनवणाऱ्यांनी दिली होती जवळजवळ तशीच ती आता चालत होती. मधली ती सगळी वर्षं, ते सगळे लाल थेंब, ती सगळी वाहवा, यातला पाव आटासुद्धा खरा नव्हता.

तो गाडीत बसून रडला. बायकोने त्याला रडू दिलं. मग ती म्हणाली, आधी सगळ्यांना कळवा.

त्याने कळवलं, हे खरं आहे. संध्याकाळभर बसून त्याने एकेकाला फोन लावला, फोन मोठ्या आवाजावर ठेवून. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. तो म्हणाला, पेट्रोल बदललंय, जुनं सेटिंग आता चालणार नाही, गाडी आणून टाका, जरा कमी करून देतो. खरं कारण जिभेवर येई आणि तिथेच अडे. बहिरा हा शब्द त्याने आयुष्यात इतरांसाठी इतक्या वेळा वापरला होता की स्वतःसाठी तो त्याला परवडेना. लोक हसले. काका, तुम्ही लावलेला आटा आम्ही कमी करणार? काका, गाडी लोण्यासारखी चालतेय. एक-दोघे आले, कमी करून घेऊन गेले, आणि आठवड्यात परत येऊन म्हणाले, पूर्वीचं होतं तसं करा, मजा गेली. त्याने नकार दिला, तर ते दुसरीकडे गेले. चष्मेवाला नेहमीसारखा गोड बोलला. या सुट्टीला घाटात जायचं ठरलंय, परतल्यावर नक्की आणतो, आणि कव्हरं हिला फार आवडली म्हणून काकूंना सांगा.

बायकोने विचारलं, कारण सांगितलं ना त्यांना? तो म्हणाला, सांगितलं. तिने आणखी विचारलं नाही.

घाटात ट्रकला मागे टाकताना पांढऱ्या गाडीचं इंजिन फुटलं. गाडी ओढून नेणाऱ्या टोइंगवाल्याने फोन करून कळवलं. गाडी ट्रकच्या बरोबरीला आली होती, जोर एकदम गेला, ना पुढे जाता येई ना मागे सरता. समोरून वाहन आलं. चष्मेवाल्याने गाडी दरीकडे न नेता डोंगराकडच्या दगडी भिंतीवर घातली आणि दोघांचे जीव वाचवले. पण गाडी फिरली आणि धडक बसली ती त्याच्या बायकोच्या बाजूने. तिच्या गुडघ्याचा चुरा झाला. पुढे चालता येईल म्हणतात, काठीने. तो पाय आता वाकणार नाही.

पावआटे टोइंगवाल्याच्या आवारात जाऊन आला. बॉनेट चेपला होता, तरी हात घालून त्याने एक प्लग काढला आणि उजेडात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक कण चिकटले होते, पिस्टनच्या डोक्यावरून उडालेले. दाराच्या बाजूला गडद लाल सीट पुढे सरकून तुटली होती. त्याने प्लग जिथल्या तिथे लावला, हाताने नीट आवळला आणि घरी आला. जेवला नाही. बायको हॉस्पिटलमध्ये जाऊन आली, दुसऱ्यांदा जाऊन आली. तो गेला नाही. मला तो वास सोसत नाही, म्हणाला.

तिथून येऊन बायकोने सांगितलं की चष्मेवाला उशाशी बसून असतो आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलतो. काकांनी फोन केला होता, मी हयगय केली. त्याची बायको कितीदा म्हणाली, असू दे हो, पण त्याचं चालूच. हे सांगून बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलं होतं, तिने आता विचारलं. त्याने सांगितलं. ती पार्टिशनला टेकली. मग म्हणाली, ते येतील तेव्हा सांगा. त्यांच्या मनावरचं ते ओझं तेवढं उतरवा. पाय काही परत येत नाही, पण एवढं तरी करा. तो म्हणाला, सांगतो. या वेळी त्याला खरंच सांगायचं होतं. रात्रंदिवस तो वाक्य जुळवत होता. अवघी तीन-चार शब्दांची गोष्ट, पण ती जुळवून जुळेना.

चष्मेवाला एका दुपारी चालतच आला. दाढी वाढलेली, कपाळावर टाक्यांची खूण. बायको मशीनवर होती. तिने मशीन थांबवलं. पावआट्याने स्टूल पुढे केलं, पण तो बसला नाही. पावआटे त्याच्या तोंडाकडे नीट बघत उभा राहिला, म्हणजे एकही शब्द सुटू नये.

“काका, मी माफी मागायला आलोय,” चष्मेवाला म्हणाला. “तुम्ही आपणहून फोन केलात. मी गाडी आणली असती तर ती आज पायावर उभी असती. तुमच्या नावालाही माझ्यामुळे डाग लागला. तुमचं इंजिन कधी फुटत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.”

पावआट्याने तोंड उघडलं. काचेपलीकडे बायको हात मांडीवर ठेवून बसली होती आणि तिची नजर त्याच्यावर होती. ते चार शब्द खरोखर घशापर्यंत आले. समोरचा माणूस वाट पाहत होता, त्याचे डोळे लाल होते, आणि त्या डोळ्यांत पावआटे अजूनही तोच होता, ज्याचं इंजिन फुटत नाही. जगात असा तो आता एवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक होता.

“पेट्रोलच वाईट आलंय हल्ली,” पावआटे म्हणाला. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

चष्मेवाल्याने मान हलवली. तुम्ही म्हणता, पण मन ऐकत नाही, असं काहीसं तो बोलला असावा. त्याने पावआट्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, काकूंना नमस्कार केला आणि दारातून बाहेर पडला. खांदे पाडून, सावकाश, हॉस्पिटलच्या दिशेने चालायला लागला.

बायको उठली. तिने कात्री खाली ठेवली, दाराशी जाऊन चपला पायात घातल्या. पावआट्याला वाटलं ती आत येईल, भांडेल, आणि भांडली असती तर त्याला ते हवंच होतं. पण ती त्याच्याकडे न बघता रस्त्यावर उतरली आणि भराभर चालत निघाली. “अगं,” तो म्हणाला. ती थांबली नाही.

कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानासमोर, तिने चष्मेवाल्याला गाठलं. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. आधी ती नुसतीच उभी राहिली. मग बोलायला लागली. बोलताना तिने एकदा आपल्या कानाला हात लावला आणि एकदा हातानेच गॅरेजकडे दाखवलं. मधून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत दोघंही दिसेनाशी झाली. ट्रक गेला तेव्हा तिचं बोलून झालं होतं आणि ती पदराने तोंड पुसत होती. चष्मेवाला गॅरेजकडे वळून पाहत होता, आणि पाहतच राहिला.